उजव्या लेनमधले ८०

पत्राचा सारांश : पत्रलेखक साताऱ्यात राहतात. वय ५१. नोकरी कराडजवळ असल्यामुळे गेली अकरा वर्षे ते रोज स्वतःच्या चारचाकीने जाऊन-येऊन करतात आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही. मात्र रस्त्यावरच्या इतर लोकांनी त्यांना अगदी जेरीस आणले आहे. उजव्या लेनमधून रेंगाळणारे उसाचे ट्रॅक्टर, मागून अप्पर-डिप्पर मारत ‘बुंगाट’ येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या, राँग साइडने समोर उभे ठाकणारे दुचाकीस्वार आणि कोणी हात केला की जागच्या जागी थांबणारे वडापवाले (खासगी जीपमधून प्रवासी नेणारे) यांचे त्यांनी सविस्तर वर्णन केले आहे. ते स्वतः फलकावर लिहिलेल्या मर्यादेप्रमाणे ८० च्या वेगाने, उजव्या लेनमधून गाडी चालवतात आणि मागच्याला साइड देत नाहीत. ‘मर्यादाच ८० असताना त्याला माझ्यापुढे जायचे कारणच काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे. महिन्यापूर्वी कराडहून लग्न आटोपून पत्नी आणि अकरावीतल्या मुलीसह परतताना अतीत गावाजवळ एक मोठी गाडी बराच वेळ अप्पर मारत मागे राहिली, शेवटी डावीकडून पुढे गेली आणि त्यांना कट मारून तिने मुद्दाम ब्रेक दाबला. पत्रलेखकांनी नागठाण्याच्याही पुढपर्यंत ११० च्या वेगाने तिचा पाठलाग केला. ती गाडी शेंद्र्याच्या आसपास कधी दिसेनाशी झाली तेही कळले नाही. तेव्हापासून पत्नी त्यांच्या गाडीत बसलेली नाही. माहेरी कराडला जायचे तर एसटीने जाते. त्यांचे विचारणे असे, की नियम पाळणाऱ्यानेच कायम का सहन करायचे, आणि घरच्यांना आपली बाजू कशी पटवून द्यायची?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र तीन पाने भरून आहे. त्यातली जवळजवळ सगळी जागा ट्रॅक्टर, वडाप, दुचाक्या आणि ‘एमएच १२’ यांनी व्यापली आहे, आणि पत्नी आता एसटीने जाते ही बातमी शेवटच्या चार ओळींत, ताजा कलम असावा तशी आली आहे. मला मात्र त्या चार ओळींपासूनच सुरुवात करावीशी वाटते. दारात गाडी उभी असताना एखादी बाई रिक्षा करून स्टँडवर जाते, फलाटावर बस लागण्याची वाट पाहते, जागा मिळाली नाही तर उंब्रजपर्यंत उभी राहते आणि कराडला उतरून पुन्हा रिक्षा शोधते, तेव्हा तो निव्वळ रुसवा नसतो. तिने दोन्ही प्रवासांचा हिशेब मनाशी केलेला असतो आणि त्यात तुमची गाडी महाग पडलेली असते. हे लिहिताना तुम्हाला दुखवण्याचा हेतू नाही. तुम्ही ज्याला दुय्यम प्रश्न समजता तोच मला मुख्य वाटतो, एवढेच सांगायचे आहे.

तुमची तक्रार खोटी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. सातारा ते कागल टप्प्याचे सहापदरीकरण सुरू झाल्यापासून ठिकठिकाणची वळणे, कुठे पुलाखालून तर कुठे सर्व्हिस रोडवरून वळवलेली वाहतूक आणि रात्री अचानक समोर येणारे बॅरिकेड यांमुळे त्या रस्त्यावर शांत डोक्याच्या माणसाचाही तोल जाऊ शकतो. तुम्ही वर्णन केलेल्या काही गोष्टी तर सरळसरळ गुन्हा आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनात विरुद्ध दिशेने गाडी चालवणे आणि नियम धाब्यावर बसवून ओव्हरटेक करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे ‘जग असेच चालायचे, तुम्ही मनावर घेऊ नका’ असा गुळमुळीत सल्ला मी देणार नाही. मात्र तुमच्या पत्रात काही गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत, आणि त्या एकदा उन्हात ठेवून पाहाव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट उजव्या लेनची. तुम्ही लिहिता, की मी मर्यादेत चालवतो म्हणून मला बाजूला होण्याचे कारण नाही. इथे दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळले आहेत. वेगाची मर्यादा तुम्ही किती वेगाने जाऊ शकता हे सांगते; तुम्ही कुठून जावे हे ती सांगत नाही. ते सांगणारा नियम निराळा आहे. वाहनचालनाविषयीचे २०१७ चे केंद्रीय विनियम असोत किंवा त्याआधीचे १९८९ चे, दोन्हींचा आग्रह सोयीनुसार शक्य तितके डावीकडून चालावे, मागच्याला पुढे जाऊ द्यावे आणि कोणी आपल्याला ओलांडत असताना आपला वेग वाढवू नये असा आहे. उजवी लेन ओलांडण्यासाठी असते. ट्रॅक्टर मागे टाकला की आपण डावीकडे परतायचे, मग आपला काटा ८० वर असो की ७० वर. मागचा माणूस ११० ने येऊन कायदा मोडत असेल तर त्याचा जाब त्याला कॅमेरा किंवा महामार्ग पोलीस विचारतील. तुम्ही त्याच्या वाटेत उभे राहून तो मोडत असलेल्या नियमाला आपण मोडत असलेल्या नियमाची जोड देता, आणि दिवसभर स्वतःला एकमेव शिस्तीचा माणूस समजता.

यातली खरी अडचण पुढे आहे. तुम्ही साइड दिली नाही म्हणून तो मागे राहिला का? नाही राहिला. तो डावीकडून गेला. आणि त्या रस्त्याच्या डाव्या बाजूला काय असते हे तुमच्याइतके कोणाला माहीत असणार? हँडलला दुधाचे कॅन अडकवून निघालेला काशीळचा शेतकरी, थांब्यावरून नुकतीच सुटलेली एसटी, पंक्चर काढत उभा असलेला ट्रक, शाळा सुटून घोळक्याने निघालेली पोरे. तुम्ही त्या गाडीवाल्याला जी शिक्षा ठोठावली ती त्याला लागलीच नाही. तिची जोखीम डाव्या कडेच्या या लोकांवर गेली, ज्यांचा तुमच्या भांडणाशी काहीही संबंध नव्हता. मला तुमच्या पत्रात सर्वांत खटकले ते हे. ११० च्या पाठलागापेक्षाही अधिक खटकले, कारण पाठलाग एकदा झाला आणि साइड न देणे तुम्ही अकरा वर्षे तत्त्व म्हणून करत आहात.

यावर तुमचे उत्तर मला ऐकू येते आहे. डाव्या लेनने जायचे म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणाच्या तरी मागे अडकायचे, मग आरसा पाहा, इंडिकेटर द्या, उजवीकडे या, पुन्हा डावीकडे जा. कराड येईपर्यंत मान मोडते. हे अगदी खरे आहे आणि आपल्याकडे जड वाहनेच उजवी लेन धरून चालतात हेही खरे आहे. कोणी तुम्हाला सतत डावीकडे राहा म्हणत नाही. समोर तीन ट्रॉल्यांची रांग असेल तर ती संपेपर्यंत उजवीकडेच राहा. आरशात मागून कोणी येताना दिसले, की पुढची जी पहिली सुरक्षित फट मिळेल तिथे डावीकडे सरका, त्याला जाऊ द्या आणि परत या. त्याने अप्पर मारण्याआधी सरकलात तर फारच उत्तम, कारण मग साइड ‘दिली’ असे वाटते, ‘द्यावी लागली’ असे वाटत नाही. आणि तुमच्या स्वभावाच्या माणसाला हा फरक महत्त्वाचा असणार.

दुसरे गृहीतक हेतूचे आहे. ‘मुद्दाम’ हा शब्द तुमच्या पत्रात मी मोजला. तो नऊ वेळा आला आहे. ट्रॅक्टरवाला मुद्दाम उजवीकडून जातो, वडापवाला मुद्दाम आडवा थांबतो, मोटारसायकलवाला मुद्दाम समोरून येतो. कट मारून ब्रेक दाबणारा मुद्दामच वागला, यात शंका नाही. बाकीच्यांबद्दल मला माझाच एक अनुभव सांगू द्या.

काही वर्षांपूर्वी ऐन गळिताच्या हंगामात मी कोरेगावहून साताऱ्याला येत होते. दिवस मावळला होता. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि स्वारी रस्त्याच्या बरोबर मधून. मी हॉर्न दिला, दिवे दिले, पुन्हा हॉर्न दिला. त्याने ढिम्म ऐकले नाही. माझ्या तोंडून त्या वेळी जे शब्द निघाले ते या सदरात छापता येणार नाहीत. पुढे एका टपरीपाशी तो चहाला थांबला. मीही थांबले, अर्थात चहासाठी नव्हे. उतरून पाहते तो विशीतला मुलगा, डोळे तांबारलेले, कानाला मफलर. मी आवाज चढवला. त्याने शांतपणे माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “ताई, माझ्यामागं कोण हाय ते मला कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडल्यावरच दिसतंय.”

मी ट्रॉलीकडे पाहिले. ट्रॅक्टरला आरसा होता, पण त्यात उसाशिवाय काही दिसणे शक्यच नव्हते. इंजिनाच्या आवाजात माझ्या छोट्या गाडीचा हॉर्न कुठे ऐकू येणार? मग त्याने साइडपट्टी दाखवली. डांबराची कड संपते तिथे वीतभर खचलेली. ‘चाक तिकडं उतरलं की मागची ट्रॉली पलटी हुतीया’ हे त्याने सांगण्याची गरजच उरली नाही, तरी त्याने सांगितले. मागे दिवा नसणे ही त्याची, ट्रॉली मालकाची आणि त्याला तसे रस्त्यावर येऊ देणाऱ्या सगळ्यांची चूक होती, आणि तसे मी त्याला बोललेही. पण गेली वीस मिनिटे मी ज्या उद्धट माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, तो माणूस त्या ट्रॅक्टरवर बसलेलाच नव्हता.

राँग साइडने येणाऱ्या दुचाकीबाबतही थोडे असेच आहे. तिचे समर्थन होऊ शकत नाही. ती जीवघेणी आहे. पण ज्याचे शेत महामार्गाच्या पलीकडे आहे आणि ज्याला वळण्यासाठी दोन-तीन किलोमीटर पुढे जावे लागते, तो माणूस सकाळी तुम्हाला डिवचण्यासाठी घरातून निघालेला नसतो. रस्ता आखणाऱ्याने त्याचा विचार केला नाही आणि त्याने कायद्याचा केला नाही. हे समजले की संताप पूर्ण जाईल असे नाही. पण संतापाचा पत्ता बदलेल. बरेचदा तो पत्ता रस्ता बांधणाऱ्यांचा निघतो, आणि तिथे तक्रार करता येते. (पुण्याच्या गाड्यांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यावर एवढेच सांगते, की पुण्यात साताऱ्याची ‘एमएच ११’ दिसली की काय म्हणतात ते एकदा पुण्यातल्या पाहुण्यांना विचारून पाहा.)

मागून भरधाव येणाऱ्यांविषयी सल्ला देताना ‘कदाचित त्याच्या घरी कोणी आजारी असेल, असे समजा’ असे सांगण्याची रीत आहे. मला ती फारशी मानवत नाही. पहिल्या गाडीला आपण हे मानतो, दुसऱ्या गाडीलाही मानतो. पाचव्या गाडीला आपल्याला ठाऊक असते की साताऱ्यातल्या सगळ्या दवाखान्यांत मिळून एवढे लोक नसतील. त्यापेक्षा असे समजा, की हा माणूस बेदरकारच आहे. मग प्रश्न असा, की बेदरकार माणूस तुम्हाला कुठे हवा? तुमच्या डिकीपासून पाच मीटरवर, जिथे तो तुम्हाला नीट दिसत नाही आणि तुम्ही ब्रेक दाबला तर थेट तुमच्या मुलीच्या सीटपर्यंत येईल? की तुमच्यापुढे दोनशे मीटरवर, जिथे त्याची प्रत्येक हालचाल तुम्ही पाहू शकता? साइड देणे म्हणजे त्याचा मान राखणे नव्हे. तुम्ही त्याला जिथे ठेवू इच्छिता तिथे पाठवून देता.

आता त्या संध्याकाळविषयी. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा धरला, तर गाडी पूर्ण थांबायला साठेक मीटर लागतात. ११० ला हाच आकडा १०० मीटरच्या घरात जातो, आणि धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती ८० च्या मानाने जवळजवळ दुप्पट होते. तुम्ही अकरा वर्षे ज्या ८० चा आग्रह धरलात तो किती शहाणपणाचा आहे हे या आकड्यांवरूनच दिसते. म्हणूनच विचारावेसे वाटते, की त्या दिवशी तो आग्रह अतीत आणि नागठाण्याच्या मध्ये कुठे गळून पडला? ज्याला धडा शिकवायचा होता त्याला तुम्ही मागे आहात हे कळलेदेखील नाही. धडा शिकले ते तुमच्या गाडीत बसलेले दोघेजण: जो माणूस इतरांच्या वेगाला इतकी नावे ठेवतो, तोच आपला अपमान झाला की आपल्या जिवापेक्षा त्या अपमानाची भरपाई मोठी मानतो, असा. पत्नीने गाडीत बसणे सोडले ते तुमचे वाहनचालन वाईट आहे म्हणून नसावे. तुम्ही गाडी केव्हा चालवता आणि राग केव्हा चालवतो हे तिला आता आधी ओळखता येत नाही.

असा कट पुन्हा बसेल, कारण रस्ता तोच आहे. त्या क्षणी करायची पहिली गोष्ट अगदी यांत्रिक आहे: ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. गरज नसेल तर ब्रेक दाबायचा नाही, हॉर्न द्यायचा नाही, काच खाली करायची नाही. फक्त पाय उचला आणि समोरचे अंतर आपोआप वाढू द्या. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खुणेपाशी, म्हणजे खांबापाशी किंवा झाडापाशी आली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हणून पाहा. त्याआधी तुम्ही त्या खुणेपाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. दोन सेकंदांचे अंतर हा कोरड्या रस्त्यावरचा किमान हिशेब आहे, पावसात तो दुप्पट धरावा. मोजण्यात एक गुण असा, की मोजता मोजता शिव्या देता येत नाहीत. त्यानंतरही हात थरथरत असतील, जबडा आवळलेला असेल, तर पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलपाशी आत वळा आणि चहा घ्या. रस्त्याच्या कडेला मात्र गाडी उभी करू नका; ती जागा राग शांत करण्याची नाही. समोरचा थांबून उतरला आणि अंगावर आला तर काचा बंद, दरवाजे लॉक, आणि ११२ ला फोन. उतरायचे नाही, मग त्याने काहीही म्हटले तरी.

एक छोटेसे काम पंधरा दिवस करून पाहा. घरी पोचल्यावर वहीत लिहा: आज कोणावर चिडलो, कुठे, किती वाजता, आणि त्याआधी शेवटचे खाल्ले केव्हा. माझा अंदाज असा आहे, की सकाळच्या नोंदी थोड्या निघतील आणि संध्याकाळच्या पुष्कळ. सकाळीही तेच ट्रॅक्टर असतात, तेच वडाप असतात. संध्याकाळी फक्त तुम्ही निराळे असता. दिवसभर कार्यालयात जे गिळलेले असते ते उंब्रजच्या पुढे वर येते आणि पहिला जो कोणी आडवा येईल त्याच्या नावावर जमा होते. तसे दिसले तर निघण्यापूर्वी काहीतरी खाऊन दहा मिनिटे बसून मग गाडी काढणे हा उपाय कोणत्याही प्राणायामापेक्षा स्वस्त पडतो. आणि राग केवळ रस्त्यावरच न राहता घरी जेवणाच्या ताटावर, कार्यालयात हाताखालच्या माणसांवरही निघत असेल, झोप मोडत असेल, तर आपल्या डॉक्टरांना एकदा रक्तदाब दाखवा आणि समुपदेशकाशी बोला. त्यात कमीपणा काही नाही.

वेळेचाही हिशेब करून पाहा. सातारा-कराड अंतर ढोबळमानाने ५० किलोमीटर. सबंध वाट ८० ने गेलात तर साडेसदतीस मिनिटे लागतील, १०० ने गेलात तर तीस. आणि तासवड्याच्या टोलची रांग नि उंब्रजची कोंडी धरली तर हा साडेसात मिनिटांचा फायदाही हातात पडत नाही. उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा किलोमीटर २० च्या वेगाने अडकलात तर दीड मिनिट जाते. ८० ने तेच अंतर २२-२३ सेकंदांत संपले असते. म्हणजे ट्रॉलीने तुमचे सव्वा मिनिटही घेतलेले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घरातून पंधरा मिनिटे आधी निघालात तर अशा दहा ट्रॉल्या तुमच्याकडून आगाऊ भरलेल्या असतील. ज्या वाचकांना सांगली-मिरज रस्त्याने किंवा पेठ नाक्याहून सांगलीकडे रोज ये-जा करावी लागते त्यांनाही हंगामातला हा पंधरा मिनिटांचा भरणा कामी येईल. त्यांची पत्रेही तुमच्याच सुरात येत असतात.

तुम्ही विचारता, मग सहनच करायचे का? नाही. पण तक्रार करायची तर ती जिथे ऐकली जाते तिथे करावी. महामार्गावर अडथळा, बंद पडलेले विनाप्रकाश वाहन, फलक नसलेले वळण दिसले तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांक आहे. ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल तर ती ज्या कारखान्याला चालली आहे त्याच्या शेती विभागाला ट्रॅक्टरचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ कळवा. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, पण जानेवारीपर्यंत ते चिखलाने माखलेले असतात आणि त्याची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते. गाडी चालवता चालवता मात्र फोटो किंवा चित्रीकरण करू नका. हातात फोन घेऊन चालवणेही त्याच कलम १८४ मध्ये बसते. अकरा वर्षांत कोणत्या गावापाशी लोक का राँग साइडने येतात, कुठे दुभाजकातून पलीकडे जाण्याची सोय नाही, कुठल्या वळणावर रात्री काही दिसत नाही हे तुमच्याइतके नेमके सांगू शकणारी माणसे थोडी असतील. तुमच्या पत्रातल्या तीन पानांपैकी एका पानावर तर हीच माहिती आहे. तेवढे पान ‘मुद्दाम’ हा शब्द गाळून पुन्हा लिहा आणि प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाकडे, एक प्रत तिथल्या ग्रामपंचायतीकडे पाठवा. लगेच काही होईल असे आश्वासन मी देत नाही. अप्पर मारणाऱ्याला अडवून धरण्यापेक्षा त्यातून काही निष्पन्न होण्याची शक्यता अधिक, एवढे खात्रीने सांगते.

राहता राहिला घरचा प्रश्न, आणि तुम्ही तो ‘माझी बाजू कशी पटवून देऊ’ असा मांडला आहे. पटवून देऊ नका. त्या संध्याकाळी गाडीत दोन साक्षीदार होते. त्यांना घटना सांगण्याची गरज नाही. पत्नीला एवढेच म्हणा, की त्या दिवशी मी तुम्हा दोघींचा जीव धोक्यात घातला, माझे चुकले. त्या वाक्यानंतर ‘पण’ येऊ देऊ नका. ‘पण त्याने आधी कट मारला’ हे खरे असले तरी त्या दिवशी नको. मुलीशी वेगळे बोला, कारण ती त्या वेळी मागे बसून एक अक्षर बोलली नाही असे तुम्हीच लिहिले आहे. वर्ष-दोन वर्षांत ती शिकाऊ परवाना काढायचे म्हणेल, आणि तिचा पहिला शिक्षक मागच्या सीटवरून तिने कधीपासूनच पाहिलेला आहे.

पत्नी पुन्हा गाडीत बसायला तयार झाली, तर निघण्यापूर्वीच एक ठरवून टाका: ती ‘हळू’ म्हणाली, की तुम्ही वेग कमी करायचा आणि कारण विचारायचे नाही. तुम्हाला ते विनाकारण वाटले तरीही. जी मंडळी अशा चालकांच्या शेजारी बसतात, त्यांनाही एक सांगणे आहे: त्या क्षणी ‘तुम्ही नेहमीच असे करता’ हे वाक्य टाळावे, कारण ते आगीत तेल ओतते. ‘मला भीती वाटते आहे, गाडी हळू घ्या’ एवढेच म्हणावे, आणि न ऐकल्यास पुढच्या गावी उतरण्याची तयारी ठेवावी. तुमच्या पत्नीने तेच केले आहे, फक्त थोडे उशिरा आणि शांतपणे.

ती इतक्यात तयार होणार नाही असे समजून चाला आणि गाडीत बसण्याचा आग्रह धरू नका. पुढच्या खेपेस ती कराडला निघाली, की गाडी घरी ठेवा आणि तिच्याबरोबर एसटीने जा. शक्य झाल्यास पुढची, चालकामागची जागा धरा. तिथून साऱ्या रस्त्यावर चालक किती वेळा हॉर्न देतो, किती वेळा नुसताच पाय उचलतो आणि लहान गाड्यांना कसे जाऊ देतो ते पाहा. चाळीस-पन्नास प्रवासी घेऊन रोज तीच वाट चालणाऱ्या माणसाकडून आपल्याला पुष्कळ घेण्यासारखे असते. तिकीट तुम्ही काढा, खिडकी तिला द्या, आणि बस सुटल्यावर निदान शेंद्र्यापर्यंत तरी समोरच्या ट्रॅक्टरबद्दल काही बोलू नका.